महिला मार्च मॅडनेस २०२४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा २०२३-२४चा महिलांचा हंगाम भारतातही बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिला, तो आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कच्या रील्समुळे. त्यामुळे प्रश्नही बहुतेक तिच्याबद्दलच येतात. हंगामाच्या शेवटी होणाऱ्या ‘मार्च मॅडनेस’ या राष्ट्रीय स्पर्धेचा कप मात्र दुसऱ्याच संघाने नेला, आणि तो का नेला हे कळलं की ही स्पर्धा जास्त आवडायला लागते. म्हणून खालच्या उत्तरांत तिकडे थोडं जास्त रेंगाळलं आहे.

आधी निकाल सांगा. कोण जिंकलं?

साऊथ कॅरोलायना विद्यापीठ. ७ एप्रिल २०२४ रोजी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात अंतिम सामना झाला. साऊथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ असं हरवलं आणि अख्ख्या हंगामात ३८ पैकी ३८ सामने जिंकले. तिकडे दुपारचे तीन वाजले होते, आपल्याकडे रविवार उलटून रात्रीचे साडेबारा. त्याच दिवशी दुपारी वानखेडेवर मुंबई इंडियन्सने दिल्लीला हरवून मोसमातला पहिला विजय मिळवला होता, त्यामुळे आपल्याकडच्या क्रीडा पानांवर या सामन्याला किती जागा मिळाली असेल ते वेगळं सांगायला नको.

ही स्पर्धा नक्की कोण घेतं? किती संघ असतात?

एनसीएए ही तिथली विद्यापीठ खेळांची मुख्य संस्था. तिच्या सर्वात वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, महिलांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. त्यातले ६८ या स्पर्धेत येतात. २०२४ मध्ये ३२ संघ आपापल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचे, विजेते म्हणून थेट आले, उरलेले ३६ निवड समितीने घेतले. कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं यावर दरवर्षी भांडणं होतात. तो तिथल्या लोकांचा वार्षिक करमणुकीचा कार्यक्रमच आहे.

सगळी बाद फेरी. एक सामना हरलात की सामान बांधा. ६८ संघ, ६७ सामने, आणि जेमतेम तीन आठवड्यांत सगळं आटोपतं.

म्हणजे आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखंच ना?

नावापुरतं. आपल्याकडे भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली आधी विभागीय स्पर्धा होते, मग अखिल भारतीय. विद्यापीठाचा संघ संलग्न कॉलेजांतल्या मुलींमधून निवडला जातो, शिबिर होतं, रेल्वेची तिकिटं निघतात, आणि काही दिवसांत सगळं संपतं. तिकडे नोव्हेंबर ते मार्च तोच संघ आठवड्याला एक-दोन सामने खेळत असतो. मुलींना शिष्यवृत्तीवर आणलेलं असतं, प्रशिक्षकांना कोट्यवधींचे करार असतात, आणि सामने राष्ट्रीय टीव्हीवर दिसतात.

आपल्या मुलींनी तिकडे मजल मारलेली आहे. कविता अकुला ग्रँड कॅन्यन विद्यापीठाकडून खेळली, बंगळूरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, पण ती घडली ती इथल्याच मैदानांवर.

पहिल्या दोन फेऱ्यांचे सामने काही संघांच्या घरच्या मैदानावर का होतात? हा अन्याय नाही का?

अन्याय आहे, आणि तो उघड मान्य केलेला आहे. महिलांच्या स्पर्धेत वरचे १६ मानांकित संघ पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या हॉलमध्ये खेळवतात. पुरुषांचे सामने पहिल्यापासून त्रयस्थ ठिकाणी होतात. महिलांसाठी वेगळा नियम असण्याचं कारण सरळ आहे : घरच्या गावी खुर्च्या भरतात, त्रयस्थ गावी भरतीलच याची वर्षानुवर्षं खात्री नव्हती.

२०२४ मध्ये या पद्धतीची एक वाईट बाजू दिसली. गोन्झागा विद्यापीठाचं गाव स्पोकेन. तिथे महिलांचे सामने होते आणि त्याच दिवसांत पुरुषांचेही होते. हॉटेलं भरली. त्यामुळे यूटाच्या संघाला शेजारच्या आयडाहो राज्यातल्या कोर दालेन गावात उतरवलं. तिथे रस्त्यावर मुलींना वर्णद्वेषी शिवीगाळ झाली आणि संघाला हॉटेल बदलावं लागलं. ही गोष्ट यूटाच्या प्रशिक्षकांनी स्पर्धेतून बाहेर पडल्यावर जाहीरपणे सांगितली.

नियम पुरुषांचेच असतात का?

जवळपास. महिलांचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, पुरुषांचा वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांचा. महिलांचा चेंडू किंचित लहान, सहा नंबरचा. बाकी बास्केट तितकीच उंच.

केटलिन क्लार्कचं एवढं काय होतं?

आकडे आधी घ्या. चार वर्षांत ३,९५१ गुण. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने महिलांचा विक्रम मोडला आणि ३ मार्चला पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा, म्हणजे पुरुषांसकट सगळ्यांचा विक्रम मागे टाकला. एक गोष्ट खरी की मॅराविच तीनच वर्षं खेळला आणि त्याच्या काळी थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेल्या शॉटला तीन गुण, हा प्रकार नव्हता. त्यामुळे ‘श्रेष्ठ कोण’ या वादात आम्ही पडत नाही.

पण लोक आकड्यांसाठी येत नव्हते. मध्यरेषा ओलांडली की दोन पावलांत ती शॉट मारायची. बचाव करणारी मुलगी अजून मागे सरकतच असायची आणि चेंडू जाळीत. ती जवळ आली तर क्लार्क अर्ध्या कोर्टाचा पास देऊन मोकळी. अंगावर जावं की लांब राहावं, हेच बचावाला ठरवता यायचं नाही.

आणि हे घडलं आयोवात, हे महत्त्वाचं. मक्याच्या शेतांचं राज्य, पण मुलींच्या बास्केटबॉलचं वेड तिथे पिढ्यान्पिढ्यांचं. तिथल्या शाळांत १९९३ पर्यंत मुली सहा-सहांचा खेळ खेळायच्या : तिघी फक्त हल्ला करणार, तिघी फक्त बचाव, मध्यरेषा कोणीच ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टप्पा मारायचा. खेळ विचित्र वाटेल, पण राज्य स्पर्धेला डे मॉइनमध्ये हॉल गच्च भरायचा. क्लार्कच्या संघाच्या सहायक प्रशिक्षक जॅन जेन्सन याच खेळातून आलेल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांची सरासरी होती सामन्याला ६६ गुण! ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाने फुटबॉलच्या मैदानावर सराव सामना ठेवला तेव्हा ५५,६४६ माणसं आली. क्लार्कसाठी आली हे खरं, पण त्यातल्या कित्येक आज्या स्वतः कधीकाळी सहा-सहांचा खेळ खेळलेल्या असणार.

साऊथ कॅरोलायनाचा संघ तर नवाच होता म्हणतात. मग अपराजित कसा?

हा आमचा सर्वात आवडता प्रश्न.

२०२३ची उपांत्य फेरी आठवा. साऊथ कॅरोलायना ३६ पैकी ३६ जिंकून डॅलसला आली होती. आयोवाने त्यांना ७७-७३ हरवलं. क्लार्कचे ४१ गुण. त्या सामन्यातली एक क्लिप फार फिरली. साऊथ कॅरोलायनाची रेव्हन जॉन्सन तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन एकटी उभी आहे, आणि समोरची क्लार्क तिच्याकडे जात नाही, नुसता हात झटकते. ‘मार की, तुझ्याकडून काय होणार.’ हजारो लोकांसमोर, टीव्हीवर. रेव्हनने पुढचं वर्षभर शॉट सुधारला.

त्या पराभवानंतर सुरुवातीच्या पाचही खेळाडू गेल्या. त्यातली अलिया बॉस्टन तर डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिली निवडली गेली. जाणकारांनी धरलं होतं की आता एक-दोन वर्षं हा संघ सावरण्यात घालवणार. राहिल्या होत्या त्या आदल्या वर्षी बाकावर बसणाऱ्या मुली आणि काही नवख्या. नोव्हेंबरमध्ये पॅरिसला पहिलाच सामना झाला आणि त्यांनी नोत्र दामला १००-७१ हरवलं. तिथून ३८ सामने थांबल्याच नाहीत.

प्रशिक्षक डॉन स्टेली यांची पद्धत अशी की बाकावरच्या मुलीलाही दर सामन्यात खरी मिनिटं मिळतात. तुमची दुसरी फळी उतरते तेव्हा समोरच्यांची पहिली फळी दमलेली असते, आणि तुमची गती मात्र तीच. फेब्रुवारीपर्यंत विरोधी प्रशिक्षकांच्या लक्षात आलं होतं की एका मुलीला रोखून इथे काहीच साधत नाही.

स्टेली स्वतः खेळायच्या का?

खेळायच्या म्हणजे! फिलाडेल्फियाच्या, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणाऱ्या खेळाडू. १९९१ मध्ये अंतिम सामन्यात टेनेसीकडून जादा वेळेत ७०-६७ हरल्या, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू त्याच ठरल्या. खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णं मिळाली, कॉलेजचं विजेतेपद कधीच नाही. ते प्रशिक्षक म्हणून मिळालं : २०१७, २०२२ आणि २०२४.

कार्डोसो पहिल्या सामन्यात का नव्हती?

कमिला कार्डोसो, ब्राझीलच्या मोंतेस क्लारोसची, सहा फूट सात इंच. स्पर्धेच्या साधारण दोन आठवडे आधी दोन दिवसांत तिने दोन्ही टोकं गाठली. कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात टेनेसीविरुद्ध संघ दोन गुणांनी मागे, घड्याळ संपतंय, आणि हिने बोर्डावर आपटून थ्री-पॉइंटर घातला. कॉलेजमधला तिचा पहिलाच! ७४-७३. अपराजित हंगामाचं सगळ्यात पातळ पान तेच.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत एलएसयूच्या (लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या) फ्लॉजे जॉन्सनने कार्डोसोच्या सहकारी मुलीला धक्का दिला, तेव्हा कार्डोसोने येऊन फ्लॉजेला आडवं पाडलं. बाहेर काढलं गेलं आणि पुढच्या एका सामन्याची बंदी आली. तो पुढचा सामना म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी. संघाने तिच्यावाचून प्रेसबिटेरियनला ९१-३९ हरवलं, त्यामुळे बंदी कोणाला जाणवलीही नाही. तिने माफी मागितली होती.

आयोवा विरुद्ध एलएसयू एवढं तापलं का होतं?

कारण २०२३च्या अंतिम सामन्यात एलएसयूने आयोवाला १०२-८५ हरवलं होतं, आणि त्यांच्या एंजल रीसने शेवटी क्लार्कसमोर हात नाचवून विजेत्यांच्या अंगठीचं बोट दाखवलं होतं. त्यावरून अमेरिकेत वर्षभर चर्चा झाली. ती बास्केटबॉलपेक्षा कातडीच्या रंगाबद्दल जास्त होती. गोऱ्या मुलीने हात झटकला तर जिद्द आणि काळ्या मुलीने केलं तर उद्धटपणा, हा दुटप्पीपणा पुष्कळांनी दाखवून दिला. आमच्या मते बरोबरच दाखवला.

१ एप्रिल २०२४ला ऑल्बनीत हे दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा भेटले. आयोवा ९४-८७. क्लार्कचे ४१ गुण, १२ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), नऊ थ्री-पॉइंटर. रीस पाच फाऊल होऊन बाहेर. सव्वा कोटी अमेरिकनांनी हा सामना टीव्हीवर पाहिला.

पोर्टलंडमध्ये कोर्टच चुकीचं आखलं होतं, हे खरं?

खरं आहे. पोर्टलंडच्या मोडा सेंटरमध्ये एका बाजूची तीन गुणांची रेषा बास्केटच्या सुमारे नऊ इंच जास्त जवळ आखलेली निघाली. हे लक्षात आलं ३१ मार्चला, टेक्सास विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना स्टेट सामना सुरू होण्याच्या जरा आधी. टीव्हीची वेळ ठरलेली. नवी रेषा आखायची तर सामना लांबणार. दोन्ही प्रशिक्षक म्हणाले, खेळू. नॉर्थ कॅरोलायना स्टेट ७६-६६ जिंकली. तोवर त्याच कोर्टवर चार सामने होऊन गेले होते आणि कोणाच्याच नजरेला ते आलं नव्हतं.

अर्धा वेळ हे टोक, अर्धा वेळ ते, त्यामुळे नफा-तोटा दोघांना सारखाच. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत टेप लावून मोजायचं राहून जातं हे काही शोभत नाही.

उपांत्य सामन्यातला शेवटचा फाऊल बरोबर होता का?

आयोवा-यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ). आयोवा एका गुणाने पुढे, ३.९ सेकंद उरलेले, चेंडू यूकॉनकडे. पेज बुकर्स शॉटसाठी येतेय, आलिया एडवर्ड्स तिच्यासाठी स्क्रीन लावते, म्हणजे बचाव करणारीची वाट अडवून उभी राहते, आणि आयोवाची गॅबी मार्शल तिच्यावर आदळते. पंचांनी एडवर्ड्सचा आक्रमक फाऊल दिला. आयोवा ७१-६९.

रिप्ले हळू करून पाहा : एडवर्ड्सचं अंग हलतंय आणि कोपरही बाहेर येतंय. नियमाने फाऊल आहे. पण असे स्क्रीन प्रत्येक सामन्यात डझनभर लागतात आणि शिट्टी वाजत नाही. वाजवायचीच तर पहिल्या मिनिटापासून वाजवा, असं आमचं मत. यूकॉनच्या चाहत्यांना यावर काही बोलायला जाऊ नका. दुसरा उपांत्य सामना साऊथ कॅरोलायनाने नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध ७८-५९ असा सहज घेतला.

अंतिम सामन्यात नेमकं काय झालं?

आयोवाने १०-० ने सुरुवात केली. पहिल्या क्वार्टरमध्ये क्लार्कचे एकटीचे १८ गुण, आणि फलक २७-२० आयोवा. आदल्या वर्षीचा घाव पुन्हा उघडतोय असंच वाटत होतं.

मग स्टेलींनी बाकाकडे पाहिलं. पहिल्या वर्षाची टेसा जॉन्सन उतरली आणि १९ गुण करून गेली, संघातले सर्वाधिक. दुसरी नवखी मिलेशिया फुलविली ९. उलट आयोवाच्या राखीव खेळाडूंचा मिळून एकही गुण नाही. बाकाचा हिशोब : ३७-०. या स्पर्धेबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हाच ठेवा.

मध्यंतराच्या काही सेकंद आधीचा क्षण मुद्दाम शोधून पाहा. क्लार्क चेंडू घेऊन येतेय, समोर रेव्हन जॉन्सन. तीच, जिला हात झटकून सोडलं होतं. रेव्हनने चेंडू हातातूनच काढून घेतला, पळत गेली आणि बास्केट केला. मध्यंतराला साऊथ कॅरोलायना ४९-४६. क्लार्कचे एकूण ३० गुण झाले, पण २८ शॉटपैकी १०च आत गेले. पहिल्या दहा मिनिटांनंतर प्रत्येक गुणासाठी तिला दम काढावा लागला.

रिबाऊंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात, तर सामनाच नव्हता : ५१-२९. कार्डोसोचे १७ रिबाऊंड आणि १५ गुण. तीच स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. शेवटच्या क्वार्टरमध्ये आयोवाने अंतर ८०-७५ वर आणलं तेव्हा हॉल उठून उभा राहिला. चार मिनिटांहून जास्त वेळ उरला होता. त्या चार मिनिटांत आयोवाचा एकही गुण झाला नाही. पाय संपले होते.

सामन्यानंतर रडणाऱ्या स्टेलींनी बक्षीस समारंभातच क्लार्कचे आभार मानले, तिने हा खेळ उचलून धरला म्हणून. दुसऱ्या दिवशी क्लीव्हलँडवर खग्रास सूर्यग्रहण होतं, त्यामुळे शहरात आलेले पुष्कळ जण तेही पाहूनच परतले.

अपराजित विजेतेपद किती दुर्मीळ?

१९८२ पासून दहावं. सहा एकट्या यूकॉनची. बाकी टेक्सास १९८६, टेनेसी १९९८, बेलर २०१२ आणि ही साऊथ कॅरोलायना.

प्रेक्षकसंख्या पुरुषांपेक्षा जास्त होती, ही अफवा की खरं?

खरं. महिलांचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. असं पहिल्यांदाच घडलं. आदल्या वर्षी महिलांचा आकडा ९९ लाख होता, म्हणजे वर्षभरात जवळजवळ दुप्पट. २०२५ मध्ये क्लार्क नव्हती आणि अंतिम सामन्याचा आकडा बराच खाली आला, हेही लपवण्यासारखं नाही. तरी काही वर्षांपूर्वीच्या मानाने तो वरच होता.

मग पैसा?

इथे मात्र गोष्ट लाजिरवाणी आहे. २०२१ मध्ये कोविडमुळे सगळे महिला संघ सॅन अँटोनियोत एकत्र ठेवले होते. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने टिकटॉकवर व्यायामशाळा दाखवली : डंबेलांचं एक छोटं स्टँड आणि योगाच्या मॅट. पुरुषांना इंडियानापोलिसमध्ये भरलेला हॉल. त्या व्हिडिओनंतर चौकशी बसली. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव तोवर फक्त पुरुषांच्या स्पर्धेला वापरायचे. महिलांना ते २०२२ पासून मिळालं. ६८ संघही तेव्हापासूनच, आधी ६४ होते.

पुरुषांचा संघ एक सामना खेळला की त्याच्या कॉन्फरन्सला पैसे मिळतात, ही पद्धत जुनी. महिलांना त्यासाठी २०२५ची स्पर्धा उजाडावी लागली. म्हणजे ज्या स्पर्धेने पुरुषांचा आकडा मागे टाकला, तिच्यातल्या ३८-० च्या संघाला या खात्यातून काहीच आलं नाही.

नंतर या मुली कुठे गेल्या?

अंतिम सामन्यानंतर आठच दिवसांनी डब्ल्यूएनबीएचा ड्राफ्ट झाला. क्लार्क पहिली, इंडियाना फीव्हरकडे. कार्डोसो तिसरी आणि रीस सातवी, दोघी शिकागो स्कायकडे, म्हणजे महिन्यापूर्वीच्या वैरिणी एकाच संघात. क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. तिची खरी कमाई जाहिरातींची. आयोवाच्या मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडर मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी आल्या त्याच, ६६ सरासरीवाल्या जेन्सन.

२०२५ मध्ये साऊथ कॅरोलायनाने पुन्हा जिंकलं का?

नाही. अंतिम फेरी गाठली, पण टॅम्पात यूकॉनने ८२-५९ असं धुतलं. फाऊल देऊन ज्यांना आदल्या वर्षी घरी पाठवलं होतं त्याच बुकर्सचा तो शेवटचा कॉलेज सामना आणि पहिलं विजेतेपद. यूकॉनचं बारावं.

सगळे ६७ सामने पाहायला वेळ नाही. कुठून सुरुवात करू?

आधी २०२३चा साऊथ कॅरोलायना-आयोवा उपांत्य सामना पाहा, नाहीतर रेव्हनने चेंडू हिसकावला त्याचं मोल कळणार नाही. मग २०२४चा आयोवा-एलएसयू, पूर्ण. यूकॉनच्या सामन्याची शेवटची पाच मिनिटं पुरतात. अंतिम सामना मात्र दुसऱ्या क्वार्टरपासून पाहा आणि चेंडूकडे न बघता, दर दोन मिनिटांनी साऊथ कॅरोलायनाच्या बाकावरून कोण उठतंय तिकडे लक्ष ठेवा.